कुंकू लावलेलं कुलूप

खंडेनवमीला आमच्या हडपसरच्या कारखान्यात यंत्रांची पूजा होते. माझी ना नाही. मी इथे इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर आहे. वर्षभर ज्या पॅनेलच्या नाकदुऱ्या काढते, त्याला एक दिवस हार घातला म्हणून काय बिघडलं? माझा राग अकलेचं दिवाळं काढणाऱ्या भक्तांवर आहे.

त्या सकाळी माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याच्या लाइनचा सेन्सर गेला. आमचे जुने इलेक्ट्रिशियन इम्तियाजभाई दुरुस्तीला आत शिरले. त्याआधी त्यांनी माझ्यासमोर त्या लाइनचा मेन स्विच बंद केला आणि त्यावर स्वतःचं लाल कुलूप लावलं. आमचा नियमच आहे: ज्याचा जीव आत, त्याचं कुलूप बाहेर, आणि ते काढायचं त्यानेच. दुसरी किल्ली स्टोअरमध्ये असते, पण ती पहिली हरवली तरच वापरायची.

मी नवा सेन्सर आणायला गेले, तर स्टोअर बंद. स्टोअरकीपर संपत पूजेच्या तयारीत. चडफडत परत आले, तोच पट्टा सरकला आणि इम्तियाजभाई किंचाळले. मी धावत जाऊन लाइन थांबवली. त्यांची दोन बोटं रोलरखाली चिरडली होती.

स्विचपाशी आमचे प्लांट मॅनेजर विश्वजीत सर हातात नारळ घेऊन उभे.

"मुहूर्त टळत होता, म्हणून सुरू केली," ते म्हणाले. "आत कोणी आहे हे कसं कळणार? स्विचला कुलूपच नव्हतं. विसरलात ना, इम्तियाजभाई? सणाच्या गडबडीत होतं असं."

चोराच्या उलट्या बोंबा! विसरले म्हटलं की चूक इम्तियाजभाईंची, म्हणजे बोटांबरोबर नोकरीही गेली.

"मी लावलं होतं, मॅडम," इम्तियाजभाई माझ्याकडे बघत म्हणाले. रुमालातून रक्त ठिबकत होतं. आम्ही त्यांना गाडीत बसवून हॉस्पिटलला धाडलं.

मी वळले, तर समोर पूजेचं टेबल. पाने, पकडी, टेस्टर ओळीने मांडलेले, सगळ्यांना हळदकुंकू. आणि मधोमध लाल कुलूप. त्यावर पांढऱ्या रंगाने 'इम्तियाज' लिहिलेलं, नावावरच कुंकवाचं बोट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "संपत, हे कोणी काढलं?"

"सर म्हणाले, मशीनला कुलूप घालून कुठं पूजा करतात का," तो पुटपुटला. "अवजारच आहे, तेही मांड म्हणाले."

"दुसरी किल्ली दे."

त्याने मुकाट्याने दिली. मी ती खिशात टाकली.

"उत्कर्षा मॅडम, कशाला वाढवताय?" विश्वजीत सरांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "देवाच्या कृपेने बोटांवर निभावलं. प्रसाद घ्या आणि लाइन सुरू करा."

बोटांवर निभावलं! कोणाच्या? पेढा त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. त्याऐवजी मी कुलूप उचललं, सगळ्या कारखान्याची वीज जिथून येते त्या खोलीत गेले, मुख्य स्विच पाडला आणि कुलूप दाबून लावलं. पंख्यांसकट सगळं थांबलं. विश्वजीत सर धावत आले.

"हा काय तमाशा? उघडा ते!"

"कसं उघडू? नाव वाचा. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं," मी म्हटलं. "किल्ली इम्तियाजभाईंच्या खिशात आहे. हॉस्पिटलात जा, कुलूप कोणी काढलं ते त्यांना तोंडाने सांगा आणि घेऊन या त्यांना."