चंपाबाईंचं कॅल्शियम

"मूठ सोडा चंपाबाई. शीर मिळाली."

"सोडते ना बाय. सुटतच न्हाय."

सरोजाने सुईचं टोपण काढता काढता वर बघितलं. चंपाबाईंच्या दंडाला रबरी पट्टा बांधून दोन मिनिटं होऊन गेली होती. पट्टा इतका वेळ ठेवायचा नसतो हे तिला माहीत होतं, पण शीर सापडायलाच वेळ लागला होता. आणि आता तो हात तिच्या डोळ्यांदेखत आवळत चालला होता. मनगट आत वळलं, अंगठा तळव्यात शिरला, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकींना चिकटली. बांगड्या भरताना कासार हात चेपतो, तसा तो हात झाला होता. फक्त चेपणारं कुणी नव्हतं.

सरोजाने झटकन पट्टा सोडला. हात सावकाश उमलला.

"असं आधी झालं होतं?"

"बोंबील वालवताना होतं," चंपाबाई म्हणाल्या. "काठीवर घालताना हात असा वाकरा होतो नि रहातो तसाच. दुखतो पन."

चंपाबाईंची सून पायल दारात उभी होती. पाली गावातल्या त्या अरुंद गल्लीत बाहेरून एक स्कूटर गेली, सगळं घर दणाणलं, आणि आवाज विरल्यावर पायल म्हणाली, "डॉक्टर बोलले नसांचं हाय. मागचा रिपोर्ट नॉर्मल आला ना, म्हनून. ताकदीची इंजेक्शनं चालू हायत."

मागचा रिपोर्ट सरोजानेच फोनवर वाचून दाखवला होता. पंधरा दिवस झाले. कॅल्शियम नऊ पूर्णांक दोन, अगदी छान, घाबरू नका, असं ती म्हणाली होती.

तिचं लक्ष चंपाबाईंच्या गळ्याकडे गेलं. आडवा, अजून लालसर व्रण.

"थायरॉइडचं ऑपरेशन कधी झालं?"

"गणपतीच्या आदी."

"ओठांच्या भोवती मुंग्या येतात?"

चंपाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुला कुनी सांगितलं?"

सांगितलं होतं यतीन सरांनी. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या लॅबमध्ये सरोजा तांबे सात वर्षांपूर्वी रिसेप्शनवर लागली. मंडणगडला बारावी सायन्स करून लग्न, मग मुलगी, मग घर. नवरा दत्ताराम स्कूलबस चालवायचा. रिपोर्टचे लिफाफे देता देता ती आतले आकडे वाचायची, हे सरांच्या लक्षात आलं. "नुसते काय वाचतेस? शिक," ते म्हणाले, आणि सदतिसाव्या वर्षी तिला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला बसवलं. फॉर्म त्यांनी आणला, पुस्तकं त्यांनी दिली. दुपारी दोन ते चार लॅबमध्ये कुणी फिरकायचं नाही. तेव्हा सर स्टुलावर बसून शिकवायचे. "आकडा एकटा वाचायचा नाही. आधी माणूस बघ, मग आकडा बघ. दोघांचं जुळत नसेल तर पहिला संशय आपल्या कामावर घे." थायरॉइड काढताना शेजारच्या चार चिमुकल्या ग्रंथींना धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम कसं घसरतं, आणि दंड आवळला की हात कसा वळतो, हे त्यांनी स्वतःचा हात वाकडा करून दाखवलं होतं.

लॅबमध्ये आलेले वेगळे रिपोर्ट, नावं गाळून, ते तिला सोडवायला द्यायचे. ती वहीत उतरवून घ्यायची. बाजूला आपलं निदान, खाली सरांचा शेरा. तेविसाव्या केसमध्ये तिने पित्तनलिकेतला अडथळा बरोबर ओळखला, तेव्हा सरांनी खाली लिहिलं होतं, 'उत्तम.' ते वाचून ती घरी जाईपर्यंत हसत होती. दत्ताराम म्हणाला, "कुणाला तरी कावीळ झालीय आणि तू काय हसतेस?"

तर त्या दिवशी तिने दुसऱ्या हाताची शीर शोधली, पट्टा बांधून अर्ध्या मिनिटात सोडला, लाल बुचाच्या नळीत रक्त घेतलं आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. लॅबमध्ये पोचताच ती सरांना म्हणाली, "सर, मी आज तुम्ही दाखवलेला तो हात बघितला. अगदी तसाच. मागचं कॅल्शियम आपण नॉर्मल दिलंय. काहीतरी चुकलंय आपलं."

सरांनी नळी घेऊन स्टँडवर ठेवली. "बघतो. तू घरी जा, उन्हातनं आलीयस."

"रीजंट आहे ना सर? मला वाटतं कॅल्शियम तपासायच्या रसायनाची बाटली संपत आली होती."

"मागवलंय. मी लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडेसातला आली. टेबलावर छापून ठेवलेला रिपोर्ट होता. कॅल्शियम ९.४. शेजारी फॉस्फरस, मॅग्नेशियम, सगळं नेटकं. खाली सरांची सही.

तिने फोन उचलला आणि ठेवला. पहिला संशय आपल्या कामावर घे. नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही? ती आत गेली आणि स्टँडवरच्या नळ्या बघू लागली.

चंपाबाईंची नळी तिसऱ्या ओळीत होती. चिठ्ठी तिच्याच अक्षरातली. नळी मशीनमध्ये फिरवलेलीच नव्हती. फिरवली असती तर वर पिवळा द्रव आणि खाली रक्त असं स्वच्छ वेगळं झालं असतं. इथे गोठलेला गोळा काचेला धरून तसाच होता. बूच उघडलेलं नव्हतं. कालच्या ओळीतल्या आणखी अकरा नळ्या तशाच होत्या. त्या अकरांचेही रिपोर्ट बाहेर टेबलावर पडले होते.

तिने फ्रीज उघडला. कॅल्शियमच्या रीजंटची बाटली कोरडी होती. नवी आलेली नव्हती.

तिने नळी एप्रनच्या खिशात घातली. तेवढ्यात सर आले. नेहमीसारखी दारातल्या बुद्धमूर्तीपुढची शिळी फुलं काढून त्यांनी ताजी ठेवली. ती मूर्ती सरोजानेच दिली होती, कोर्स पास झाल्यावर.

"सर, चंपाबाईंचं कॅल्शियम परत लावून बघितलंत?"

"दोनदा लावलं," सर म्हणाले. "नऊ पॉइंट चारच येतंय. हात घाबरल्यामुळेही वळतो कधी कधी. श्वास जोरात चालला की होतं. शिकवलंय ना तुला?"

शिकवलं होतं. तेही खरंच होतं. सरोजा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सात वर्षांत ते तिच्याशी कधी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आता लक्षात आलं की ते ओळखायचं कसं, हेच तिला माहीत नव्हतं.

"हो सर," ती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडली.

पालीला पोचेस्तोवर काय सांगायचं ते ती जुळवत होती. दारात पायल दिसली आणि सगळं विस्कटलं.

"पायल, सासूबाईंना घेऊन आत्ता भाईंदरला हॉस्पिटलमध्ये चल. रक्त परत द्यायचंय. दुसरीकडे."

"का? रिपोर्ट आला न्हाय?"

"आलाय. तो खोटा आहे."

"खोटा म्हंजे?"

"तपासलंच नाही रक्त. नुसतं लिहिलंय."

पायलला कळायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "आनि मागचा?"

सरोजाने आजचा रिपोर्ट तिच्या हातात दिला.

"तूच फोन केला होतास ताई," पायल म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तू बोललीस छान हाय, म्हनून आमी आयला बोलत होतो, नाटकं नको करू. पंधरा दिवस बोलतोय."

रिक्षात मुर्धा गावाच्या आसपास चंपाबाईंचे दोन्ही हात वळले आणि जबडाही आवळला. त्यांना बोलता येईना. त्या नुसत्या सरोजाकडे बघत राहिल्या. सरोजा त्यांचा हात चोळत होती. चोळून काही होत नाही हे तिला ठाऊक होतं.

हॉस्पिटलमध्ये तासाभरात आकडा आला. पाच पूर्णांक सहा. डॉक्टरीण तरुण होती. शिरेतून सावकाश कॅल्शियम द्यायला लावून ती म्हणाली, "अजून दोन दिवस काढले असते तर झटके आले असते. हृदयावरही गेलं असतं. आधी टेस्ट नव्हती केली का?"

पायलने पर्समधून दोन्ही कागद काढून तिच्यापुढे ठेवले. मागचा, आणि सरोजाने आणलेला आजचा. डॉक्टरणीने आळीपाळीने ते वाचले, मग सरोजाच्या एप्रनवरचं लॅबचं नाव वाचलं.

सरोजाने खिशातली नळी काढून टेबलावर ठेवली. "ही त्या रिपोर्टची नळी आहे. उघडलेली नाही. मी लिहून द्यायला तयार आहे."

लेखी जबाब देऊन ती दुपारी लॅबमध्ये गेली. सर डबा खात होते.

"बाई कशी आहे?" त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांना फोन गेला होता.

"पाच पॉइंट सहा निघालं."

सरांनी डबा मिटला. "मशीन दोन वर्षांपासून धड चालत नाही, सरोजा. जे लावता येतं ते लावतो. बाकीचं... मी अंदाजपंचे कधी नाही लिहिलं. वय बघायचो, औषधं बघायचो, डॉक्टरांची चिठ्ठी बघायचो. शंभरात पंचाण्णव बरोबर असायचे माझे."

हे सांगताना त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. तिला तोच सहन झाला नाही.

"चंपाबाई उरलेल्या पाचांतल्या."

सर डबा पिशवीत भरू लागले.

"माझ्या वहीत अडुसष्ट केसेस आहेत, सर. तुम्ही सोडवायला दिलेल्या. त्या कुठल्या?"

त्यांनी चष्मा काढला. "काही खऱ्या आहेत त्यात."

"कुठल्या?"

"आता कसं आठवणार?" आणि मग, जणू समजूत काढावी तसं ते म्हणाले, "पण शिकायला त्याच बऱ्या होत्या. खऱ्या रिपोर्टात गोंधळ फार असतो. तू गोंधळली असतीस."

तिने एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. रिसेप्शनवरच्या रजिस्टरमधून मागच्या सहा महिन्यांची नावं आणि नंबर मोबाइलवर टिपून घेतले. सर बघत होते. त्यांनी अडवलं नाही.

पुढचे आठ दिवस ती घरी बसून फोन करत होती. "मी सरोजा बोलतेय, लॅबमधून. तुमचा रिपोर्ट कदाचित बरोबर नसेल. दुसरीकडे परत तपासून घ्या." कुणी शिव्या दिल्या. कुणाला वाटलं, दुसऱ्या लॅबची जाहिरात आहे. पूनम सागर वसाहतीतल्या एका गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्यावर विश्वास आता कशावरून ठेवायचा?"

हंसाबेन नावाच्या एका जुन्या पेशंटचा नंबर तिने रजिस्टरच्या मागच्या पानावरून मुद्दाम घेतला होता. नाव गाळलेलं असलं तरी तेविसावी केस त्यांच्याच रिपोर्टची, हे तिने लिफाफा देताना आकड्यांवरून ओळखलं होतं. पित्ताच्या खड्याचं पुढे काय झालं, असं तिने विचारलं.

"पथरी?" हंसाबेन म्हणाल्या. "सोनोग्राफी में तो कुछ निकला ही नहीं था, बेन. बाद में दूसरे डॉक्टर बोले, वो किसी गोली का असर था. गोली बंद की, ठीक हो गया. क्यूं, क्या हुआ?"

"काही नाही," सरोजा मराठीतच म्हणाली. "बरं झालं."

फोन ठेवल्यावर तिला रडू कोसळलं. दत्तारामने चहा आणून ठेवला. तो निवाला तरी ती हलली नाही.

"अगं, बाई वाचली ना?" तो म्हणाला. "ते तर त्यांनी शिकवलेल्यातूनच कळलं तुला."

"तेच तर," सरोजा म्हणाली. "त्यांना येत होतं रे सगळं. येत नसतं तर मी एवढी रडले नसते."

चौकशी झाली, लॅबचं शटर महिनाभराने कायमचं खाली आलं. सर विरारकडे मुलीकडे राहायला गेले असं कुणीतरी सांगितलं. एक दिवस कुरियरने लिफाफा आला. आत अनुभवाचा दाखला होता, तीन वर्षांचा, बायोकेमिस्ट्री विभाग, 'अत्यंत सचोटीने काम केले.' खाली सही. ती सही तिने हजारो वेळा बघितली होती. तिने कागद पुन्हा लिफाफ्यात घातला आणि कपाटात वर टाकून दिला.

भाईंदरच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मुलाखतीला ती गेली, तेव्हा समोर मिनल नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची इन्चार्ज होती.

"अनुभव किती, ताई?"

"रक्त काढण्याचा तीन वर्षं. मशीनवरचा धरू नका."

"दाखला नाही?"

"नाही."

"मग ट्रेनी म्हणूनच घ्यावं लागेल. बाकीच्या पोरी वीस-बावीसच्या आहेत," मिनल जरा संकोचाने म्हणाली.

"चालेल."

पहिल्या सकाळी मिनलने तिला यंत्रापुढे उभं केलं. पेशंटची रक्तं लावायच्या आधी ठरावीक आकडा माहीत असलेला द्रव लावून यंत्र तपासायचं, तो आकडा आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. कॅल्शियम नऊ पूर्णांक एक ते नऊ पूर्णांक नऊच्या मध्ये यायला हवं.

"दहा-बारा मिनिटं लागतील. चहा घेऊन या सगळ्या," मिनल म्हणाली.

पोरी हसत-खिदळत गेल्या. सरोजा थांबली. नवा एप्रन तिला खांद्यात मोठा होत होता, बाह्या तिने दुमडून घेतल्या होत्या. यंत्राच्या आत बारीक सुई वरखाली होत होती. बाहेर जिन्यात पेशंट येऊन बसायला लागले होते. कुणी खोकत होतं, कुणी किती वाजता सुरू होणार म्हणून विचारत होतं.

पडद्यावर आकडा आला. ८.७.

तिने पेन काढलं, रजिस्टरमध्ये ८.७ लिहिलं, सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं लिहिली, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.