घाई नसलेली कॉइल

‘वीजपुरवठा अचानक खंडित झाल्याने हॉइस्टचा ब्रेक निष्प्रभ ठरला, व चालकाने भार वेळीच खाली न घेतल्याने अपघात घडला.’ चौकशी अहवालातले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्याखाली पाच सह्या होत्या. हॉइस्टचा, म्हणजे ओझे उचलणाऱ्या यंत्राचा, ब्रेक कसा चालतो हे त्या पाचांपैकी एकालाही ठाऊक नसावे, किंवा एकाला ते पुरेपूर ठाऊक असावे. ताईला दुसरी शक्यता अधिक पटत होती.

ताई म्हणजे त्या चालकाची थोरली बहीण. बावीस वर्षे ती मोटारींच्या आणि ब्रेकच्या जळालेल्या कॉइल नव्याने गुंडाळून देत होती. हॉइस्टचा ब्रेक वीज लावत नाही, वीज तो सोडवते. लावून ठेवतात त्या स्प्रिंगा. कॉइलमध्ये वीज आली की ती स्प्रिंगांना मागे ओढते आणि ओझे हलते. वीज गेली की स्प्रिंगा झडप घालतात आणि ओझे असेल तिथे थांबते. म्हणजे ज्या कारणाने ब्रेक लागायचा, त्याच कारणाने तो लागला नाही, असे पाच सुशिक्षित माणसांनी लिहून दिले होते. दाराला कुलूप होते म्हणून चोर आत शिरला, असा हा युक्तिवाद.

या वाक्यावर धाकट्याचा परवाना जाणार होता आणि खटला उभा राहणार होता. हॉइस्टला टांगलेला कारखान्यातला साचा पडला तेव्हा खाली असलेल्या त्याच्या जोडीदाराचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला होता.

“सोड ना ताई,” धाकटा ताटातला घास चिवडत म्हणाला. “त्याचा पाय गेला. माझा परवाना गेला तर काय एवढं?”

“परवाना गेला तर जाऊ दे. पण त्याच्या पायाचं खापर खोटं बोलून तुझ्या डोक्यावर फोडू देणार नाही. गप जेव.”

तिने अर्ज केला: ओझे टांगा, वीज तोडा, काय होते ते पाहू.

चाचणीला बाहेरून निरीक्षकबाई आल्या. कारखान्याचे देखभालप्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत आणि ज्यांची सही पाचांत पहिली होती, ते हसतमुखाने पुढे आले.

“ताई, तुम्ही तर आमच्याच. कॉइल तुमच्याकडेच येतात आमच्या. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला?”

“चव्हाट्यावर तुम्ही आणलंत साहेब, सह्या करून. मी नुसती वाचायला आले.”

दोन टनांचा साचा वाळूच्या ढिगावर हातभर उंच टांगला गेला. तारेचा दोर ज्या ड्रमवर गुंडाळला जातो, त्यावर आणि शेजारच्या चौकटीवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली. ओझे घसरले तर रेघ तुटणार होती. निरीक्षकबाईंनी मुख्य स्विच पाडला. वर खट् असा आवाज झाला. धाकट्याने डोळे मिटले. दहा मिनिटे गेली. रेघ तसूभरही तुटली नाही.

“वीज गेली आणि ब्रेक लागला,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “मग अहवालाचं काय?”

साहेबांनी मान डोलावली. “बाई, म्हणजे ब्रेक उत्तम आहे. वीज जायच्या आधीच यानं खाली घ्यायचं बटण दाबलं असणार. आम्ही उगाच पोराला सांभाळून घेतलं.”

एक महिना निष्प्रभ असलेला ब्रेक दहा मिनिटांत उत्तम झाला होता, आणि साहेबांना त्यात काहीच विसंगत वाटत नव्हते. ताईला मात्र कळले: तिने वाद जिंकला होता आणि भाऊ स्वतःच्या हाताने त्यांच्या ताब्यात दिला होता.

“झाकण काढा,” ती म्हणाली.

“कशाला? आत्ताच तर पाहिलंत.”

“एवढा गुणी ब्रेक, जरा जवळून बघू द्या.”

साचा वाळूवर टेकवला, स्विच पुन्हा पाडला, आणि ती निरीक्षकबाईंना घेऊन शिडीने वर गेली. झाकण निघाले. आत तिचीच कॉइल होती. पांढऱ्या फितीखाली तिने सरकवलेली पत्र्याची पट्टी होती. आलेल्या आणि गेलेल्या दिवसाचे आकडे ती प्रत्येक कॉइलवर असेच ठोकून ठेवी. आली दोन तारखेला. गेली पंधराला. अपघात अकराचा.

तिने आकडे पुन्हा वाचले. साचा कोसळला तेव्हा ही कॉइल तिच्या दुकानात फळीवर पडली होती. घेऊन आलेला माणूस म्हणाला होता, “साहेब म्हणालेत, घाई नाही.” तिला वाटले, जादाची असेल, तिने ती मागे सारली. चालत्या हॉइस्टच्या कॉइलची घाई नसते कोणाला, एवढा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नव्हता. तिने निरीक्षकबाईंना पट्टी दाखवली, आणि हेही सांगितले.

“तेव्हा आत दुसरी होती,” साहेब खालून म्हणाले.

“कुठाय ती?” निरीक्षकबाईंनी विचारले.

“भंगारात गेली.”

“बिघडली होती?”

“नाही… चांगली होती.”

“चांगली भंगारात टाकलीत आणि जळकी दुरुस्त करून बसवलीत?”

साहेबांनी रुमाल काढला, पण कपाळाला लावला नाही. ताईने ब्रेक हाताने सोडवायच्या दांड्यावर बोट ठेवले. तिथे बोल्टच्या आट्यांचे ताजे, चकचकीत वळ उमटले होते. निरीक्षकबाईंनी ते निरखून पाहिले, खाली उतरल्या आणि वही उघडली.

“बोला. तुम्ही बोलाल तेच लिहीन.”

 साहेब वाळूकडे पाहत बोलले, आणि खाली सही केली. या प्रकरणातली ही त्यांची दुसरी सही.

“कॉइल जळाली होती आणि हॉइस्ट बंद ठेवायचा नव्हता. म्हणून ब्रेक हाताने उघडून तिथे मीच बोल्ट कसला. बटण सोडलं तरी मोटार विजेच्या जोरावर ओझं धरून राहील, अशी जोडणी करून दिली. नऊ दिवस तिनं धरलं. वीज गेली तेव्हा धरायला काहीच नव्हतं. बोल्ट नंतर मीच काढला. चालकाला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर त्यानं ओझं उचललंच नसतं.”