दिसेनासा झालेला निळा पट्टा

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरपासून मुनिरका असं किती लांब? पण लेक स्वरूपा तिथं खोली घेऊन राहायला गेली आणि अलकनंदाबाईंच्या व्हॉइस मेसेजना उत्तर म्हणून येईना. शेवटी त्या डबा घेऊन थेट तिच्या प्रयोगशाळेत धडकल्या. खोलीवर पाणी गढूळ येतं असं कळल्यानं पिशवीत तुरटीचा खडाही होता.

स्वरूपा काचेच्या लांबलचक टाकीपाशी रडवेली होऊन उभी होती. निळ्या लेझरवरून पाण्यातून आवाज पाठवायचा, हा तिच्या पीएचडीचा चार वर्षांचा उद्योग. स्वच्छ पाण्यातून तो खणखणीत जायचा. पण परीक्षकांनी बजावलं होतं, नदीच्या पाण्यात करून दाखव, नाहीतर विषय बदल. आज टाकीत यमुनेचं पाणी होतं, चारला परीक्षक येणार होते आणि पलीकडचा स्पीकर मुका होता.

अलकनंदाबाई मात्र बघतच राहिल्या. मातकट पाण्यात तो निळा पट्टा काय देखणा दिसत होता!

"एवढा लख्ख तर दिसतोय गं."

"दिसतोय तो वाया गेलेला उजेड आहे, आई. गाळावर आपटून बाजूला फुटतो, म्हणून आपल्याला दिसतो. पलीकडे काहीच पोचत नाही."

ती वेळ वाढवून मागायला मार्गदर्शक सरांकडे गेली. बाईंना कुठलं राहवतंय! त्यांनी खडा काढला, बाही सारली आणि घरच्या हंड्यात फिरवतात तसा टाकीभर फिरवला.

परतल्यावर लेक भडकलीच. आता हे नदीचं पाणी राहिलं का, म्हणाली. मग तिनं वही ओढली आणि दर पाच मिनिटांनी आकडे टिपायला लागली. पाणी नेमकं किती निवळलं की आवाज पोचतो, तेच आता डोळ्यांसमोर घडत होतं.

परीक्षक आले तेव्हा गाळ तळाला बसत होता. पट्टा फिकट होत होत दिसेनासा झाला. बाईंना वाटलं, झालं, पोरीच्या चार वर्षांची वाट लावली आपण.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. आधी तुटक, मग स्वच्छ, बाईंचाच आवाज आला, लेकीनं चाचणीसाठी लावलेला त्यांचा व्हॉइस मेसेज: "स्वरूपा, जेवलीस का गं?"

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर बसून त्यांचा प्रश्न पाणी ओलांडून आला होता. एक परीक्षक वही चाळत हळूच म्हणाले, पाणी किती निवळलं की आवाज पोचतो ते यात आहे, विषय हाच ठेवा.

टाकीच्या त्या टोकाला लेक डोळे पुसत होती.

"नाही जेवले, आई. डबा उघड."