वाटी भरली नाही

भीमाबाई आधी भांडली ती काट्याशी.

अंगणवाडीच्या पडवीत आढ्याला काटा टांगलेला, काट्याला झोळी, आणि झोळीत तिची नात मैत्री. एकोणीस महिन्यांची पोरगी, पण काटा सात किलो शंभरावरच अडून बसला. गेल्या महिन्यात हीच पोरगी याच झोळीत सात किलो तीनशे भरली होती. भीमाबाईने झोळी उचलून पुन्हा सोडली, काट्याला टिचकी मारली, पोरीला सरळ बसवून पाहिलं. काटा काही तिथून उठला नाही.

"बिघडला हाये हा," ती म्हणाली. "यमुना, नवा पाठवा मनाव सरकारले."

यमुताई म्हणजे अंगणवाडीची सेविका. एकवीस वर्षं गावची पोरं तोलून आणि त्यांच्या आज्यांशी बोलून तिचा घसा कायमचा बसला होता. तिने मैत्रीला खाली उतरवलं आणि पाच किलो तांदळाची सीलबंद थैली झोळीत ठेवली. काटा बरोबर पाचावर उभा राहिला.

आता काटा खरा निघाला म्हटल्यावर कोणाला तरी खोटं पाडणं आलंच, आणि घरात सून असते ती त्यासाठीच. भीमाबाईने मोहरा फिरवला. रोशनी दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचते, पोरीकडे तिचं ध्यान नाही, मायचंच चित्त थाऱ्यावर नसलं तर लेकराच्या अंगी काय लागणार, हे सगळं तिने पडवीतल्या आठ-दहा बायांसमोर उगाळलं. रोशनी कमरेला वेचणीचं फडकं बांधूनच आली होती, इथून सरळ वावरात जायचं म्हणून. ती खाली मान घालून ऐकत राहिली. वाईट वाटून घ्यायलाही अंगात दम लागतो, आणि ती पहाटे साडेचारपासून उभी होती. पोटात काळ्या चहाशिवाय काही नव्हतं.

यमुताईने पोरीच्या वजनाच्या तक्त्यावर लाल पट्ट्यात ठिपका मारला आणि आवाज होता तेवढा काढून सांगितलं.

"लाल झाली पोट्टी. महिनाभर पाहू. वाढली तं ठीक, नाई तं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवा लागन, मायसंगट. अन् अशीच उतरत गेली तं एखाद्या तापात हातची जाईन, भीमाबाई. मी पाहेलं हाये म्हणून सांगतो."

भीमाबाईचा आवाज उतरला, पण हट्ट उतरला नाही. पोरगी खाते, चांगली खाते, असं तिने शपथेवर सांगितलं. सकाळी बापाच्या डब्यातला घास खाते, दुपारी आजीच्या ताटातलं खाते, सांजेला आबाच्या मांडीवर बसून खाते, मग मायजवळ खाते. दिवसातून चार डाव जेवणारं लेकरू अख्ख्या वस्तीत दुसरं दाखवा, म्हणाली.

यमुताईने मान हलवली. "दोन घरचा पाहुना उपाशी म्हणते. हिले तं एकाच घरात चार घरं हायेत." मग तिने मांडणीवरची एक स्टीलची वाटी रोशनीच्या हाती दिली. "उद्या दिवसभर कोनीबी पोट्टीले घास भरवला, की तेवढाच घास या वाटीत टाकाचा. सगळ्याइनं. परवा सकाळी मी पाहाले येईन."

घर धोंडबाचं, भीमाबाईच्या नवऱ्याचं. दोन खोल्या, पुढे ओटा, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, मागे शेवग्याचं झाड, आणि झाडापलीकडे कन्हान नदीकडे उतरणारी काळी जमीन. धोंडबाची दोन एकर तूर नदीकडेच होती, तिला रानडुकरांचा उपद्रव. म्हणून धोंडबा दिवस बुडताच जेवायचा आणि मचाणावर जायचा, तो सकाळी साडेसहाला परत. त्याचा मुलगा प्रेमानंद सावनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये. साडेसातला डबा घेऊन निघायचा, आठ-साडेआठला रात्री परत यायचा. भीमाबाई दुपारी आपली जेवून घ्यायची. रोशनीच्या जेवणाला वेळच नव्हती. सगळ्यांचं झालं की ती चुलीपुढेच गंज, म्हणजे पातेलं, पुढ्यात ओढायची आणि त्यात भाकर फिरवायची. वरणाच्या गंजाच्या तळाशी तेव्हा जे चिकटलेलं असायचं त्याला या घरात खुरचन म्हणत.

दुसऱ्या दिवशी वाटी भिंतीतल्या देवळीत ठेवली गेली. धोंडबाने सांजेला नातीला दोन घास भरवले, दोन वाटीत टाकले, आणि तिसरा भरवायच्या आधीच पोरगी कोंबडीमागे गेली. तो म्हणाला, पोट भरलं तिचं. प्रेमानंदने डबा बांधताना सकाळी एक घास दिला होता, तेवढाच वाटीत. रोशनी वेचणीहून आली तेव्हा तिची कंबर धरली होती आणि बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली होती. तिने भात कालवला. मैत्री तीन घास खाऊन तिच्या मांडीवरच झोपली, आजीने भरवलं असेल, आबाने भरवलं असेल, म्हणून रोशनीनेही तिला उठवलं नाही. रोजच असं व्हायचं. दुसऱ्याने भरवलं असेल या भरवशावर पोरगी चार माणसांत उपाशी झोपायची.

हात धुवायला उठली तेव्हा रोशनीने पाहिलं. भीमाबाई देवळीशी पाठमोरी उभी होती. तिने टोपल्यातली चतकोर भाकर काढली, वरणात बुडवली, चुरली आणि हळूच वाटीत टाकली. वरून बोटाने दाबलीसुद्धा. रोशनी दोन पावलं मागे सरली आणि बाहेरच्या बाहेर हात धुवून आली. बोलून काय मिळणार होतं? घराण्याची अब्रू म्हातारीने चतकोर भाकरीने झाकली होती, झाकू द्यावी.

सकाळी धुकं इतकं होतं की नदीकडून येणारा धोंडबा ओट्याला लागेपर्यंत दिसला नाही. त्याच्या पाठोपाठ यमुताई आली. जय भीम झाला, चहा झाला. मग तिने वाटी मागितली आणि सगळ्यांच्या मधोमध ओट्यावर ठेवली.

वाटी भरली नव्हती. अर्ध्याच्या थोडी वर होती.

"हे दिवसभराचं," यमुताई म्हणाली. "चार मानसाइचं मिळून. या वयात हिले अशा तीन-चार वाट्या लागते."

प्रेमानंद चपलेत पाय घालून तसाच उभा. धोंडबा वाटीत पाहत राहिला. रोशनी मात्र भीमाबाईकडे पाहत होती. म्हातारीचं तोंड असं उतरलं होतं की बघवेना. ती खालीच बसली.

"एवढीबी नाई," ती हळूच म्हणाली. "त्याच्यात चतकोर भाकर माही टाकेल हाये. मीच टाकली."

यमुताई रागावेल असं सगळ्यांना वाटलं, पण तिने फक्त पदराने तोंड पुसलं. तिला यात नवल नव्हतं. मग तिने सांगितलं ते सोपं होतं. पोरीचं ताट वेगळं करा. तिच्या ताटात तिच्या वाट्याचं वाढा, म्हणजे किती गेलं आणि किती उरलं ते दिसेल. ज्वारीच्या कण्या शिजवा, त्यात डाळ घाला, मुठभर शेवग्याचा पाला घाला, वरून जवसाची चटणी नाही तर चमचाभर तेल. अंडं मिळालं तर अंडं, झिंगे मिळाले तर झिंगे. बाजारातलं पुडकं नको. आणि दिवसातून एक डाव तरी सगळे एका पंगतीत बसा. लेकरू पाहून खायला शिकतं.

एका पंगतीत म्हणताच गोंधळ उडाला. धोंडबा म्हणाला, सांजेला त्याला जमायचं नाही, डुकरं काही त्याचं जेवण होईतोवर बांधावर थांबत नाहीत. प्रेमानंद म्हणाला, जिनिंगच्या मालकाला काय सांगू? हिशेब लावता लावता एवढंच हाती आलं की चौघं एकाच वेळी घरात असतात ती सकाळची साडेसहा ते साडेसात. म्हणजे त्याआधी कण्या, वरण, भाजी, भाकरी, सगळं तयार पाहिजे.

सगळ्यांनी रोशनीकडे पाहिलं. हे मात्र कोणाला शिकवावं लागलं नव्हतं.

रोशनी या घरात आल्यापासून कधी वर तोंड करून बोलली नव्हती. आताही ती मोठ्याने बोलली नाही. ओट्यावरून उठून चुलीपाशी गेली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि म्हणाली,

"मी साडेचारले उठतो जी. पानी भरतो, झाडतो, डबा करतो, वावरात जातो, येऊन सैपाक करतो. आता साडेतीनले उठू काय? उठीन बी. पोट्टी माही हाये. पन मी थकली, आई. मी लय थकली. मले आता आनखी एक काम कोनी सांगू नका."

आणि तिथेच चुलीपुढे बसून ती रडली. हुंदका नाही की आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते पुसायलाही तिने हात उचलला नाही.

यमुताई उठली. जाताना तिने कोणाला उपदेश केला नाही. प्रेमानंदला एवढंच विचारलं, "हापशीवर जाले तुले लाज वाटते काय गा?"

दुसऱ्या दिवशी पहाटे रोशनी उठली तर चुलीपुढे भीमाबाई बसली होती. गुडघे दुखतात म्हणून चार वर्षं तिने भाकर थापली नव्हती. पहिल्या दोन भाकरी फाटल्या, तिसरी बरी उतरली. हापशीचा आवाज येत होता, म्हणजे प्रेमानंद गेला होता. धोंडबा शेतातून आला आणि ओट्यावर शेवग्याच्या डहाळ्या घेऊन पाला ओरबाडत बसला. रस्त्याने दुर्गेश दूधवाला जात होता. त्याने सायकल थांबवली आणि विचारलं, काय गा धोंडबा, बकरी घेतली काय? धोंडबाने मान वर केली नाही. नात घेतली, म्हणाला.

पावणेसातला पंगत बसली. फरशीवर पाच ताटं. मैत्रीचं ताट लहान, तिच्या पुढ्यात कण्यांचा ढीग. आबाने घास घेतला की ती पाही, मग स्वतःच्या ताटात बोटं घाली. अर्धं तोंडात, अर्धं अंगावर, पण हात थांबेना. भीमाबाई वाढत होती. धोंडबाला वाढलं, प्रेमानंदला वाढलं, स्वतःला घेतलं. पाचव्या ताटाशी आली आणि पळी गंजाला घासली. रोजच्या मापाचंच वरण शिजवलं होतं, आणि ते तिघांतच आटोपलं होतं.

रोशनीने नेहमीसारखा गंज आपल्याकडे ओढला. त्यात भाकर फिरवायला लागली. धोंडबाचा हात थांबला.

"तुह्या ताटात वरन नाई काय वं?"

"संपलं, बाबा."

"रोज संपते?"

रोशनी भाकर तेवढी फिरवत राहिली. उत्तर भीमाबाईने दिलं, नवऱ्याकडे न पाहता.

"माह्या टायमालेबी संपेच. चाळीस वर्सं झाले. तुमी जेऊन उठत होते, तुमाले कसं दिसन?"

धोंडबा माणूस वाईट नव्हता. त्याने कधी कोणाच्या तोंडचा घास काढला नव्हता, निदान त्याला तसं वाटत आलं होतं. त्याने आपल्या ताटाकडे पाहिलं. मग ते उचललं आणि अर्धं वरण रोशनीच्या ताटात ओतलं. प्रेमानंदने खाली मान घालून तसंच केलं. ते वरण गार झालं होतं, पण रोशनीने ते भाकरीबरोबर सावकाश खाल्लं. उद्यापासून डाळ दोन मुठी जास्त घालायची, असं भीमाबाई म्हणाली, आणि मैत्रीच्या अंगावरच्या कण्या वेचायला लागली.

महिना काही सरळ गेला नाही. पोरीला एकदा हगवण लागली, चार दिवस तिने ताटाकडे पाहिलं नाही. दोन डाव प्रेमानंद झोपून राहिला आणि पाणी रोशनीलाच आणावं लागलं. धोंडबा पंगतीत बसायच्या नादात एका सकाळी शेतातून लवकर निघाला, आणि डुकरांनी तुरीच्या दोन ओळी उलथून टाकल्या. त्या दिवशी तो सगळ्यांवर खेकसला, पण जेवायला बसला सगळ्यांबरोबरच. वेचणी चालूच होती, कंबर दुखायची थांबली नाही. फक्त वावरात अकरा वाजता डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती आताशा रोज येत नव्हती.

तोलायच्या दिवशी भीमाबाई आधीच जाऊन काट्याखाली उभी. झोळीत मैत्रीला बसवलं. काटा हलला, हेलकावला, आणि सात किलो साडेपाचशेवर थांबला. यमुताईने डोळे बारीक करून दोनदा वाचलं आणि तक्त्यावर ठिपका मारला. लालच्या जरासा वर, पिवळ्यात. अजून हिरवं दूर होतं, पण दवाखाना टळला होता.

"आज काटा बराबर हाये," भीमाबाईने पडवीतल्या बायांना बजावून सांगितलं. बाया हसल्या.

कोपऱ्यात मोठ्या माणसांचा उभा काटा होता, धूळ बसलेला. भीमाबाईची नजर तिकडे गेली.

"हिलेबी तोल," ती म्हणाली.

रोशनी नको नको म्हणत होती, पण सासूने तिचं कमरेचं फडकं सोडलं आणि तिला वर उभं केलं. यमुताईने वाकून आकडा वाचला. छत्तीस किलो पाचशे.

भीमाबाई काट्याकडे बघत राहिली. आता ही टिचकी मारील, म्हणेल बिघडला, असं यमुताईला वाटलं. पण या वेळी ती काट्याशी भांडली नाही. तिने वेचणीचं फडकं घडी करून आपल्या काखेत धरलं, नातीला कडेवर घेतलं आणि पडवीची पायरी उतरली.

"घरी चाल," ती मागे न बघता म्हणाली. "आधी जेव. मंग जा वावरात."