तीन शिवणी मिळतात तिथे

मास्तरांच्या दुकानातून कपडा बाहेर पडायचा तो मास्तरीणबाईंच्या परवानगीनेच. शिवून झालं की बाई तो खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरायच्या. शिवणीतून सुईच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला, तर कपडा परत मास्तरांच्या मांडीवर. "चाळीस वर्षांत माझ्या शिवणीतून उजेड गेला नाही," हे बाईंचं वाक्य तर मास्तरांना झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

आता अशा बाईला कुणी सांगितलं, की होणाऱ्या नातवंडाच्या हृदयात भोक आहे, तर ती काय करणार? चूक कुणाची ते शोधणार. आणि घरात सून असताना शोधायला लांब कशाला जायचं?

सुनेला सहावा महिना. "पाचव्यात स्टुलावर चढून पंखा पुसलास," बाई म्हणाल्या. "नको म्हटलं होतं मी." मुलगा घरात तोंड उघडायचा ते जेवायलाच.

शेवटी मास्तरांनी सगळ्यांना डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. त्यांनी कागदावर चित्र काढलं. हृदय आधी एक सरळ नळी असतं, मग ती वळते, पीळ खाते, आत पडदे वाढून चार कप्पे होतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा एक भाग खालून वर येतो, एक वरून उतरतो, एक मधून. तिन्ही जिथे मिळतात ती फट सगळ्यात शेवटी मिटते. बाळाची तेवढी राहिली होती.

"म्हणजे पँटचं आसन," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला.

"चारी शिवणी तिथे येतात ना. भल्याभल्यांची तिथेच दांडी उडते."

"तसंच म्हणा. भोक लहान आहे, अशी पुष्कळदा आपली आपण मिटतात. नाही मिटलं तर इलाज आहे. आणि यात कुणाची चूक नाही. हे सगळं दुसऱ्या महिन्यातच उरकलेलं असतं."

मास्तरांना हायसं वाटलं. घरी येऊन चपला काढतात न काढतात तोच बाई सुनेकडे वळल्या. "मग दुसऱ्या महिन्यात काय केलंस?"

सून आत गेली आणि तिने माहेरी जायची बॅग काढली. मास्तर दारातून बघत होते. कपडे घडी करता करता ती स्वतःशीच बोटं मोजत होती, दुसऱ्या महिन्यातला एकेक दिवस आठवत होती. पोरीला ते खरं वाटायला लागलं होतं.

बोलण्यात बायकोपुढे मास्तर आजवर जिंकले नव्हते, तेव्हा त्या वाटेला ते गेलेच नाहीत. दुकानात येऊन त्यांनी कॅनव्हासची एक बाही शिवली. अस्तराचे तीन तुकडे कापले, एक खालचा, एक वरचा, एक मधला, आणि सगळं बाईंपुढे ठेवलं. "या बाहीच्या आत एवढा पडदा शिवून दे. मला जमेना."

"तुम्हाला कधी काय जमलंय," म्हणत बाईंनी चष्मा चढवला.

अर्ध्या तासाने त्यांनी बाही खिडकीसमोर धरली. बराच वेळ धरली. मग मधली शिवण उसवली आणि पुन्हा शिवायला घेतली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मशीन सोडून हातशिलाई केली, जीभ दातांत धरून. मास्तर समोर बसून उगाचच बटणं निवडत होते.

"दाखव की," ते म्हणाले.

बाईंनी दाखवलं नाही. बाही घेऊन त्या तडक आत गेल्या. मास्तरही मागोमाग गेले.

"ती बॅग ठेव खाली," बाई सुनेला म्हणाल्या. सून तशीच उभी राहिली. बाई पलंगावर बसल्या. "मी दिवसाउजेडी, चष्मा लावून, खुर्चीवर बसून शिवलं. तीनदा. भोक राहिलंच. आणि तुझ्या लेकराने अंधारात शिवलंय, मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत, तेही मशीन चालू ठेवून. हृदय तेव्हाही धडधडत असतं ना हो?"

"असतं," मास्तर म्हणाले.

"मग." बाईंनी बाही पुढे केली. "माझं राहिलं तर मला कुणी विचारलं का, काय केलंस म्हणून?"

"विचारायची छाती कुणाची आहे इथे?" मास्तर म्हणाले.

सुनेला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. बाईंनी तिला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." हे वाक्य मास्तर चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते.

मग सुनेने सासूच्या हातातली बाही घेतली, खिडकीसमोर धरली, आणि एक डोळा मिटून त्या भोकातून येणारा उजेड बघत राहिली.

"एवढंसंच तर आहे," ती म्हणाली.