वॉटने चाखलेला सॉस

माझं नाक गेलं त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तापाने आडवी झाले, आठ दिवसांनी उठले, तर कांदा परततोय की करपतोय ते कळेना. डॉक्टर म्हणाला, वास येईल हळूहळू. कुठला यायला!

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर चाललं असतं. मी लॉकार्टांच्या इस्टेटीवरची स्वयंपाकीण. शिकारीच्या हंगामात दर शनिवारी चौदा-पंधरा बंदूकवाले जेवायला. फेझंट पक्षी मारला की लगेच शिजवत नाहीत, पिसांसकट मानेने टांगून मुरू देतात. किती दिवस, ते कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. एक दिवस कमी पडला तर चामडं, एक दिवस जास्त झाला तर पाहुणे आजारी.

त्यात आमचं घर नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की घरही गेलं. माझ्या नवऱ्याने, वॉटने, चाळीस वर्षं याच इस्टेटीचं शिकारीचं रान राखलं, आणि छाती अधू झाल्यावर तो घरी बसला. बहात्तर वर्षांच्या माणसाला घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहणार होते?

म्हणून आम्ही दोघांनी चोरी सुरू केली. वॉट मागच्या दाराशी बूट पुसत बसायचा आणि कुणाचं लक्ष नसताना मांसाच्या कोठीत जाऊन हुंगून यायचा. "डावीकडची जोडी काढ. बाकीचे परवापर्यंत लटकू देत." रश्श्यातलं मीठ, वाइनची चव, सगळं तोच बघायचा.

"म्हातारपणी कुत्र्याचं काम लागलं की गं मला," तो म्हणायचा.

"कुत्रा निदान मिठावरून वाद घालत नाही," मी म्हणायची.

मालकीणबाई, मिसेस लॉकार्ट, अधूनमधून स्वयंपाकघरात यायच्या. वॉटकडे बघायच्या, थंडीबद्दल दोन वाक्यं बोलायच्या आणि जायच्या. त्या गेल्या की माझा जीव भांड्यात पडायचा.

जानेवारीचा शेवटचा शनिवार होता. हरणाची मांडी भट्टीत होती. मोरीपाशी रोजावर आलेल्या दोन बायका भांडी घासत होत्या. हरणाबरोबर हॉर्सरॅडिशचा सॉस लागतोच. ते पांढरं मूळ, मोहरीसारखं नाकात चढणारं, किसून सायीत कालवायचं. थंडीत त्याची पानं झडतात, मूळ जमिनीत राहतं, लागेल तेव्हा उकरायचं. माझी जागा मला पाठ होती. फक्त त्या शरदात नव्या माळ्याने बाईंच्या आवडीची निळी फुलझाडं माझ्या वाफ्याला लागून लावली होती. बचनाग. त्याचं मूळ विषारी असतं हे इथे लहान पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण बर्फात सगळ्या काड्या काळ्याच, वारा झोंबत होता आणि मला घाई होती; हाताला लागलं ते मूळ उकरून आणलं.

हॉर्सरॅडिश किसताना नाक असो वा नसो, डोळ्यांतून धारा लागतात. त्या दिवशी एक थेंब आला नाही. दुसरी कुठलीही बाई तिथेच थांबली असती. मला वाटलं, नाकापाठोपाठ आता हेही गेलं. त्या भीतीपोटी मी मुळाकडे पुन्हा पाहिलंच नाही. वॉटला खुणेने बोलावलं.

"चाख लवकर," मी कुजबुजले.

"तिखट नाही गं. माती लागतेय नुसती."

"तंबाखूने जिभेची वाट लावून घेतलीयस. नीट चाख."

त्याने दुसरा चमचा घेतला. "ओठ झिणझिणतायत मात्र."

"झालं तर मग! आणखी एक घे आणि मीठ सांग."

तो घेऊन मोकळा झाला. माझ्याशी वाद फक्त तोंडाने घालायचा, ऐकायचा नेहमीच.

थोड्या वेळाने म्हणाला, "मीठ कळतच नाही. जीभ कुणी काढून नेल्यासारखी झालीय." मी सॉस वाडग्यात काढत होते. तो टेबल धरून उभा राहिला, मग मागच्या दाराबाहेर जाऊन ओकला. परत आला तेव्हा कापायच्या फळीवर उरलेला मुळाचा तुकडा त्याने उचलून बघितला. चाळीस वर्षं रानात काढलेला माणूस, त्याला एक नजर पुरली.

"आयसोबेल, सॉस वर पाठवू नकोस," तो म्हणाला. "कुणालाच देऊ नकोस."

गावातून डॉक्टर बर्फातून येईपर्यंत दुपारचे अडीच वाजले. वॉट तोवर संपला होता, माझ्या मांडीवर. वरच्या मजल्यावर हरणाचं मांस सॉसऐवजी फळांच्या जेलीबरोबर वाढलं गेलं होतं आणि उत्तम झाल्याचा निरोपही खाली आला होता. डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणाले, सकाळी ओटची पेज. मी, त्याची बायको, असं म्हणाले. सॉस केव्हाच चुलीत गेला होता. डॉक्टरने मृत्यूचं कारण हृदय असं लिहिलं.

पुरून आलो त्याच संध्याकाळी मी मिसेस लॉकार्टांकडे गेले. घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. नाक, वॉटचं हुंगणं, ते मूळ, तीन चमचे, सगळं.

त्या म्हणाल्या, "सॉसचं मला माहीत नव्हतं."

"मग कशाचं माहीत होतं?"

"नाकाचं. तुम्ही एकदा माझ्या चहात नासलेलं दूध घातलंत. वॉट तुमच्यासाठी चाखतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. जेवण चांगलं होत होतं, आयसोबेल. तुम्हाला काढण्याचा प्रश्नच कुठे होता?"

"बोलला का नाहीत मग?"

"तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्याकडे सरकवली.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईवर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या दिवशी मोरीपाशी दोन बायका होत्या, दोघींची नाकं शाबूत. लपवायचं नसतं तर मी मूळ त्यांच्यापुढे धरलं असतं आणि म्हटलं असतं, बघा गं जरा, हे हॉर्सरॅडिशच आहे ना?