गोदामकाका पाण्यावर

साखळीचा शेवटचा वेढा काही केल्या बसेना. गोदामकाकांनी श्वास आत ओढला, टोक कमरेच्या पट्ट्यात खुपसलं आणि वरून स्वेटर ओढून घेतला.

"अहो, झालं का?" दारापलीकडून बाईंचा आवाज आला. "पोरं खोळंबलीत."

"आलो, आलो. बूट काढतोय."

बूट काढले ते खरंच. पण दोन्ही मोज्यांत एकेक लोखंडी पाना सरकवला, तेवढी भर कशाला सोडा.

काका शाळेच्या बसचे ड्रायव्हर आणि बाई त्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. घरी दोघं नवराबायको. गोदाम हे नाव पोरांनी ठेवलेलं. काका बसमध्ये चढले की बस त्यांच्या अंगाला अशी कलायची, की पलीकडच्या खिडकीतल्या पोरांना झाडावरची घरटी दिसायची. एकदा बंद पडलेल्या बसला त्यांनी घाम पुसायला म्हणून नुसती पाठ टेकवली, तर बस जी निघाली ती पुढच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. खोटं वाटत असेल तर त्या पोरांना विचारा, ती तर म्हणतात दोन थांबे.

पण हे झालं मागचं. वर्षभरात काका आटत चालले होते. शर्ट खांद्यावरून घसरायचा. दवाखान्याचं नाव काढलं की यांना बसचं ऑइल बदलायचं आठवायचं. त्यांचा थोरला भाऊ नुसता तपासायला म्हणून गेला होता, तो चादरीत गुंडाळूनच घरी आला. तेव्हापासून काकांनी दवाखान्याच्या रस्त्यावरून बससुद्धा नेली नव्हती, लांबचा वळसा घ्यायचे.

शेवटी बाईंनी जेवताना कोंडीत पकडलं होतं. "वजनकाट्यावर चढत नाही ना? नका चढू. दर वर्षीच्या पाण्याच्या प्रयोगाला तर उभे राहाल? पाणी गेल्या वर्षीच्या रेघेच्या खाली थांबलं, तर मुकाट्यानं माझ्याबरोबर यायचं."

"आणि वर गेलं तर?"

"तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

"बघ हं. शब्द दिलास," काका म्हणाले होते. आणि आज सकाळी त्यांनी बसच्या डिकीतून गाडी ओढायची साखळी काढली होती.

ते पाय उचलून टाकत वर्गात आले. नववीच्या पोरांनी टेबलं मागे सरकवून जागा केली होती. जमिनीवर शेकायची रबरी पिशवी, पाण्यानं भरलेली. तिच्या तोंडाला घट्ट बसवलेली पारदर्शक नळी भिंतीला धरून छतापर्यंत गेलेली. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा, दर वर्षीची एक. गेल्या वर्षीची सगळ्यात ठळक, काकांच्या डोक्याच्याही वर.

काका पिशवीवरच्या फळीवर चढले. पोटात खळ्ळ असं झालं.

"काका, पोटात काय वाजतंय?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"भूक गं."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. स्टुलावर चढून त्यांनी नळीत नरसाळं लावलं आणि जांभळं पाणी ओतायला लागल्या.

"नीट बघा. मी ओततेय पेलाभरच पाणी. पण ते उभं आहे उंच. उंच पाणी खाली जास्त जोरानं दाबतं. नळी बारीक असो की जाड, उंचीच मोजायची. तो दाब पिशवीत सगळीकडे सारखा पसरतो आणि फळीला खालून रेटतो. काकांच्या वजनाला पुरेल एवढं पाणी चढलं, की काका उचलले जाणार. मग पुढचं पाणी नळीत न राहता पिशवीत जाईल."

पाणी काकांच्या गुडघ्याशी आलं, कमरेशी आलं. पिशवी कुरकुरली. छातीशी. साखळीची कडी बरगडीत रुतत होती आणि काकांच्या कानामागून घाम ओघळत होता. पाणी डोळ्यांसमोर आलं. इथंच थांबतंय की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी पायाची बोटं आवळली, जसं काही त्यानं वजन वाढणार होतं. पाणी चढत राहिलं. कपाळ. डोकं. रेघ.

जिंकलो, काका मनात म्हणाले.

पाणी रेघ ओलांडून गेलं. चांगलं वीतभर वर गेलं आणि मग फळी हलकेच उचलली गेली. पोरांनी टाळ्यांनी खोली दणाणून सोडली. काका मात्र त्या वीतभर अंतराकडेच बघत राहिले. वर्षभर काट्यावर चढले असते, तर किती लोखंड लागेल ते तरी कळलं असतं.

पहिल्या बाकावरची मुलगी आधी पाण्याकडे बघत होती, मग काकांच्या गळ्याकडे, जिथं कॉलर सैल लोंबत होती. "बाई, म्हणजे काका जाड झाले?"

बाई स्टुलावरच होत्या. हातात पेन्सिल होती. काका त्यांच्याकडे बघेनात, खिडकीकडे बघायला लागले.

"पाणी तर तसंच म्हणतंय," बाई म्हणाल्या. "घंटा होईल आता. जा तुम्ही, वह्या उद्या दाखवा."

पोरं गेली. बाईंनी दार लोटलं. काका उतरायला लागले.

"उतरू नका."

"अगं, पाय दुखतात."

"दुखणारच. स्वेटर वर करा."

काकांनी केला. बाई क्षणभर साखळीकडे बघत राहिल्या. "ही बसची ना?"

"हो."

"वाटेत बंद पडली असती बस, तर काय स्वेटर उसवून लोकरीनं ओढली असती?"

काका हसायला गेले, पण जमलं नाही. बाईंनी साखळीचं टोक धरलं. फळीवर काकांना वळता येत नव्हतं, म्हणून बाईच त्यांच्याभोवती फिरल्या. एक वेढा सुटला, जमिनीवर टेकला. नळीतलं पाणी खाली आलं. पुन्हा एक फेरा. पाणी रेघेशी आलं. पुढच्या फेऱ्याला रेघ वर राहिली. दोघांनीही ते पाहिलं आणि दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

"अजून?"

"नाही."

"मोज्यात काय आहे?"

काकांनी जपून वाकून पाने काढून दिले. बाईंनी ते टेबलावर आवाज न करता ठेवले. पाणी आणखी थोडं उतरलं आणि काकांच्या डोळ्यांसमोर येऊन थांबलं.



"उद्याची बस कुणाला सांगू?" काकांनी विचारलं.

"सांगते मी. हात द्या."

काकांनी हात दिला, पण बाईंनी लगेच उतरवलं नाही. नळीत पाण्याची जांभळी कड अगदी बारीक थरथरत होती, काकांच्या श्वासाबरोबर वर, खाली. बाई ती बघत उभ्या राहिल्या. पेन्सिल त्यांनी खिशात ठेवून दिली होती.